एसटीने आणलेली बातमी

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, पावसाने उसंत म्हणून घेतली नव्हती. सकाळची एसटी नेहमीच्या वळणावर आली आणि चालकाला समोर माळीण दिसेना. धुकं होतं, पाऊस होता, पण न दिसण्याचं कारण ते नव्हतं. गावच नव्हतं. चाळीसएक घरं, त्यांची कौलं, अंगणं, गोठे जिथे आदल्या दिवशी होते तिथे डोंगरावरून उतरलेला चिखल पसरला होता. शाळेची इमारत तेवढी कडेला उभी राहिली होती.

चालकाने पाहिलं ते खाली कळवलं. माळीणची बातमी जगाला कळली ती अशी, एसटीने. तोवर मोबाइल सगळीकडे पोचले होते, पण ज्यांनी फोन करायचा तीच माणसं ढिगाऱ्याखाली होती. ट्विटर होतं, फेसबुक होतं, चोवीस तास बातम्या देणाऱ्या अर्धा डझन मराठी वाहिन्या होत्या. आणि त्यांतल्या कुणालाही त्या सकाळी त्या एका चालकापेक्षा जास्त माहिती नव्हती.

एकदा खाली कळल्यावर मात्र गाडी उलट्या दिशेने सुसाट सुटली. पाऊस, चिखल आणि अरुंद रस्ता यांमुळे बचावपथकांना पोचायला तास लागले, पण पंतप्रधानांचा शोकसंदेश ट्विटरवर आला, गृहमंत्री राजनाथ सिंह येऊन गेले, घोडेगावच्या पुढच्या रस्त्यावर ओबी व्हॅनची रांग लागली. एक आई आणि तिचं तीन महिन्यांचं बाळ जिवंत निघालं, तो प्रसंग देशभर पोचला. मृतांचा आकडा रोज वाढत गेला आणि १५१ वर थांबला. गावाची आधीची आणि नंतरची छायाचित्रं शेजारी-शेजारी ठेवून लोक एकमेकांना पाठवत राहिले. दरड का कोसळली यावर वाद पेटला, त्यात ‘पडकई’ हा शब्द पुढे आला. डोंगरउतारावर बांध घालून भातखाचरं काढायची ही आदिवासी शेतकऱ्यांची जुनी रीत. सरकारी योजनेतून ती यंत्रांनी होऊ लागली होती. तोवर हा शब्द तालुक्याबाहेर फारसा कुणाच्या कानावर नव्हता. आठवडाभरात, बांधावर कधी पाय न ठेवलेली माणसंसुद्धा पडकईवर हिरिरीने लिहू लागली.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत बातमीचा रस्ता कसा बदलला, हे सांगायला माळीणपासून सुरुवात करावी लागते. त्या दिवशी जुना रस्ता आणि नवा रस्ता एकमेकांना भेटले.

जुना रस्ता खरोखरचा रस्ता होता. पहाटे पुण्याहून निघालेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असे उतरत जुन्नरला पोचायचे. उलट दिशेने गावच्या वार्ताहराचं पाकीट जायचं. हा वार्ताहर बहुधा शिक्षक, दुकानदार नाही तर विमा एजंट. दिवसभर आपलं काम करायचं, संध्याकाळी कागदाच्या एका बाजूला, समास सोडून, बातमी लिहायची आणि ‘प्रेस’ असं ठळक लिहिलेलं पाकीट एसटीच्या वाहकाच्या हाती द्यायचं. जत्रा, अपघात, सोसायटीची निवडणूक, कुणाचा तरी दशक्रिया विधी. दोन दिवसांनी चार ओळी छापून आल्या की गावात त्याचा मान वाढायचा. ‘सकाळ’ १९३२ साली नानासाहेब परुळेकरांनी काढला. तेव्हापासून पुढची साठ-सत्तर वर्षं ग्रामीण बातमीदारी बरीचशी अशाच बिनपगारी किंवा नाममात्र मानधनाच्या माणसांवर चालली. फॅक्स आला, ई-मेल आली, पाकीट गेलं, पण माणूस तोच राहिला. पुण्यातल्या उपसंपादकाने कात्री लावल्याशिवाय त्याचा मजकूर कुणापुढे येत नव्हता.

जाता जाता जुन्नरच्या नाणेघाटाचा उल्लेख करायला हरकत नाही. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं, सगळी यादी. हा लेख राजवाड्यात नाही. कोकणातून चढून दमलेले व्यापारी जिथे टेकायचे, जकात जिथे भरायचे, नेमका तिथे आहे. वाचणाऱ्याची गर्दी कुठे असते हे त्या काळीही ठाऊक होतं.

इंटरनेटवर जुन्नर पहिल्यांदा दिसलं ते बातमीतून दिसलं नाही. मायबोली १९९६ साली सुरू झाली, मनोगत २००४ साली. युनिकोडमुळे देवनागरी टंकणं सोपं झालं आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी ब्लॉगांना बहर आला. त्यांत कविता होत्या, पाककृती होत्या आणि डोंगर होते. डोंगर फार. पुण्या-मुंबईचे, बरेचसे संगणक क्षेत्रातले तरुण शनिवारी जीवधन, चावंड, हडसर चढायचे आणि सोमवारी लिहायचे. वाट कुठे चुकते, पाण्याचं टाकं कुठे, जुन्नर स्थानकातून घाटघरची गाडी किती वाजता सुटते, पायथ्याला जेवणाची सोय कोण करतं. लेखन कधी बरं, कधी इतिहासाच्या नावाखाली काहीच्या बाही, पण त्यातली व्यावहारिक माहिती खरी असायची, कारण चुकली तर पुढचा गडी रानात रात्र काढायचा आणि परत येऊन खाली प्रतिक्रियेत लिहायचा. या लेखांतून घाटघरच्या घरांना पिठलं-भाकरीची गिऱ्हाइकं मिळाली. एकाही बँकेने किंवा पर्यटन महामंडळाने ती धाडली नव्हती. सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका जाहीर केलं ते २०१८ साली, लोक येऊ लागल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

ब्लॉग वाचून माणूस यायचा, तो वाचून आलेला असायचा. व्हिडिओ पाहून येणाऱ्याचं तसं राहिलं नाही. नाणेघाटात वाऱ्याच्या झोताने पाणी कड्यावरून उलटं वर उडतं. पाच-दहा सेकंदांत मावणारं, जणू मोबाइलसाठीच घडवलेलं दृश्य. ते पसरलं आणि पावसाळी रविवारी घाटाच्या अलीकडे काही किलोमीटर गाड्यांची रांग लागू लागली. २०२४ च्या जूनअखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एक कुटुंब वाहून गेलं. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या पावसाळी पर्यटनस्थळांवर मनाई आदेश निघाले, त्यांत जुन्नर-आंबेगावची ठिकाणंही होती. पिठलं-भाकरीवाल्यांचे रविवार बुडाले.

हे सगळं ज्या लहरींवर चालतं, त्यांच्याबाबत जुन्नरची एक गंमत आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण, प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली. १४ तबकड्या मधोमध, बाकीच्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. जागा निवडली त्याचं एक मोठं कारण असं, की इथे रेडिओ-गोंगाट कमी होता. म्हणजे ज्या तालुक्यात माणसं घराच्या पत्र्यावर चढून रेंज शोधत होती, त्याच तालुक्यात जगभरचे शास्त्रज्ञ शांतता शोधत आले होते. दुर्बिणीच्या परिसरात उद्योगांवर बंधनं आहेत, आणि पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग तिच्यामुळे बदलावा लागतो या मुद्द्यावर अलीकडे मोठं राजकारण झालं. खोडदचं विज्ञान आणि नारायणगावचा बाजार यांचा हा संसार तसा जुनाच आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि महिन्याचा डेटा एका दिवसात वापरायची सवय लागली. या दोन तालुक्यांच्या इतिहासात ती तारीख धरणांच्या तारखांइतकी महत्त्वाची ठरावी. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने जे पिकवलं, ते विकायची पद्धत डेटाने बदलली.

ते पाहायचं तर नारायणगावच्या टोमॅटो बाजारात. जुन्नर बाजार समितीचा हा उपबाजार. क्रेटला इथे ‘कॅरेट’ म्हणतात. वीस किलोंचं एक, भाव कॅरेटवर. पूर्वी तोडा करून, माल भरून, पिकअप बाजारात लागेपर्यंत शेतकऱ्याला त्या दिवसाचा भाव ठाऊक नसायचा. कालचा भाव आजच्या पेपरात. २० एप्रिल २००५ रोजी ‘अ‍ॅग्रोवन’ निघाला, नुसत्या शेतीचं दैनिक, आणि बाजारभावाचं पान हे त्यातलं आधी उघडायचं पान झालं. आता लिलाव सुरू असतानाच कुणीतरी गाळ्यावरून भाव टाकतो. आडतदाराने दिलेल्या पट्टीचा फोटो दुपारपर्यंत ‘स्टेटस’ला असतो: किती कॅरेट, काय दर, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती. पट्टी ही पूर्वी खिशात घडी घालून ठेवायची, फार तर घरी दाखवायची वस्तू. ती चव्हाट्यावर आली आणि व्यापाऱ्याला एकाला एक, दुसऱ्याला दुसरा भाव देणं अवघड झालं. दुसरी बाजूही आहे. आज अमुक बाजारात शंभर रुपये जास्त मिळाले हे सगळ्यांनाच एकाच वेळी कळतं, सगळेच उद्या तिकडे गाड्या वळवतात, आणि परवा तिथला भाव पडतो.

२०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, याच माध्यमाचा दणका बसला. अकोले-संगमनेर-जुन्नर पट्ट्यातल्या टोमॅटोवर रोग आला होता. फळं एकसारखी न पिकता त्यांवर वेगवेगळ्या रंगांचे डाग पडत. शेतकऱ्यांनीच त्याला ‘तिरंगा’ म्हणायला सुरुवात केली. एका वृत्तवाहिनीने त्यावर अशी बातमी केली, की हा विषाणू जणू माणसालाही धोक्याचा आहे. कोरोनाने आधीच भ्यालेल्या शहरांत ती क्लिप वणव्यासारखी फिरली आणि टोमॅटोला हात लावायला लोक बिचकू लागले. शेतकरी संघटना उठल्या. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले. काकडीवर्गीय पिकांत आढळणाऱ्या मोझॅक विषाणूसह वनस्पतींचेच विषाणू निघाले, आणि वनस्पतीचा विषाणू माणसाला बाधत नाही हे शास्त्रज्ञांना जाहीरपणे सांगावं लागलं. क्लिप छोटीशी होती. खुलासा यायला दिवस गेले, आणि टोमॅटो तोपर्यंत थांबत नाही.

मग २०२३ चा जुलै. वर्षानुवर्षं पडत्या भावाने पोळलेल्यांनी लागवड कमी केली होती, हवामानाने उरलेली कसर भरून काढली, आणि कॅरेटचा भाव दोन हजारांच्या पुढे गेला. जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाने महिनाभरात दीड कोटीचे टोमॅटो विकले, ही बातमी वृत्तसंस्थांनी देशभर नेली. वाराणसीत एका भाजीच्या दुकानावर टोमॅटोच्या रक्षणासाठी बाऊन्सर उभे करण्याचं नाटक झालं, त्यावर विनोदांचा पूर आला. दिल्लीला विनोद परवडत नव्हते. केंद्राने ज्या बाजारांतून टोमॅटो उचलून उत्तरेत स्वस्तात विकायला घेतले, त्यांत साताऱ्या-नाशिकबरोबर नारायणगावचं नाव होतं. १४ जुलैपासून दिल्लीत ९० रुपये किलोने विक्री सुरू झाली, पुढे दर आणखी उतरवला. ऑगस्टमध्ये नेपाळहून आयातीची घोषणा झाली. सप्टेंबरात भाव कोसळला, आणि कॅमेरे तोवर दुसरीकडे गेले होते. दीड कोटीची बातमी ज्यांनी पाहिली, त्यांतल्या फार थोड्यांनी पुढचा भाग पाहिला असेल.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांद्याचे, खर्च वजा जाता, २ रुपये हातात आले होते, आणि त्या दोन रुपयांचा धनादेश लिहून दिला गेला होता. त्याचं छायाचित्र राज्यभर फिरलं, व्यापाऱ्याचा परवाना काही दिवस स्थगित झाला. अशा पट्ट्या याआधीही अनेकांना मिळाल्या होत्या. फोटो काढून पाठवता येत नव्हता, एवढाच फरक.

कांदा हा या भागात भाजीपेक्षा मतदारसंघ जास्त. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदीच आली. २७ डिसेंबरला शिवनेरीच्या पायथ्यापासून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला. पुढे होते शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे.

कोल्हे नारायणगावचे. डॉक्टर, मग अभिनेते. ‘राजा शिवछत्रपती’त शिवाजी महाराज, ‘स्वराज्यरक्षक संभाजी’त संभाजी महाराज. २०१९ साली मालिका चालू असतानाच ते लोकसभेला उभे राहिले. समोर आंबेगावातल्या लांडेवाडीचे शिवाजीराव आढळराव पाटील, तीन वेळचे खासदार, गावोगाव नावानिशी माणसं ओळखणारे. आढळरावांची ताकद लग्न, दहावा, यात्रा, बैलगाडा घाट यांवर उभी होती. कोल्ह्यांच्या भाषणाचे तुकडे मात्र सभा संपायच्या आत मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकाला पोचत. ५८,४८३ मतांनी कोल्हे जिंकले. हा विजय नुसत्या मोबाइलचा म्हणणं खोटं ठरेल. त्यात मालिका होती, पवारांचा पक्ष होता, वक्तृत्व होतं. पण प्रचार पाहणारा आणि प्रचाराला येणारा ही दोन वेगळी माणसं झाली, हे उत्तर पुणे जिल्ह्याने त्या निवडणुकीत पाहिलं.

बैलगाड्याशिवाय या भागाचं राजकारण कळत नाही. उत्तर पुणे जिल्ह्यात शर्यतीच्या चढणीला घाट म्हणतात, एका धावेला बारी, आणि बैलांच्या पुढे घोडी धावते. बारी दहा-पंधरा सेकंदांत संपते, निकाल सेकंदाच्या अंशावर. त्या सेकंदांसाठी वर्षभर बैलाला खुराक, पोहणी, मालिश. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जल्लीकट्टूबरोबर हे सगळं थांबलं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून मुभा दिली, पाच दिवसांत न्यायालयाने तिला स्थगिती दिली. वर्षभराने चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांची गर्दी जमली, आणि ती जमवण्यात फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपचा हात होता हे इकडच्या गाडामालकांनी बारकाईने पाहिलं. चाकणला आंदोलन झालं. बंदीच्या काळात घाट ओस, पण फोन नव्हे: जुन्या बाऱ्यांच्या चित्रफिती, बैलांचे वाढदिवस, मेलेल्या बैलांना श्रद्धांजल्या. बंद पडलेला खेळ सात वर्षं पडद्यावर जिवंत राहिला. ज्या पोरांनी घाट पाहिलाच नव्हता त्यांनाही बैलांची नावं पाठ झाली.

१६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने सशर्त परवानगी दिली. पहिली मानाची शर्यत लांडेवाडीत, १ जानेवारी २०२२ ला, आढळरावांच्या पुढाकाराने ठरली. मंडप पडले, बैल निघाले, आणि ओमायक्रॉनचं कारण देऊन आदल्या रात्री परवानगी रद्द झाली. त्याच महिन्यात कोल्ह्यांवर वेगळंच गंडांतर आलं. त्यांनी काही वर्षांपूर्वी नथुराम गोडसेची भूमिका केलेला एक चित्रपट ओटीटीवर येत असल्याचं कळलं आणि ज्या माध्यमाने त्यांना घराघरांत नेलं, त्यानेच त्यांना धारेवर धरलं. त्यांनी आळंदीला जाऊन आत्मक्लेश केला. फेब्रुवारीत, निमगाव दावडीच्या घाटात, बैलगाड्यापुढे घोडीवर बसून त्यांनी निवडणुकीत दिलेला शब्द पाळला. घोडी धरणं म्हणजे गंमत नाही. मागून सुटलेले चार बैल असतात. ती बारी जेवढ्या माणसांनी घाटात पाहिली, त्याच्या कितीतरी पट माणसांनी हातातल्या फोनवर पाहिली.

नियमांतली एक अट इथे नोंदवायला हवी. शर्यत हजार मीटरच्या आत, आयोजकाने पन्नास हजारांची अनामत भरायची, आणि संपूर्ण शर्यतीचं चित्रीकरण करून ते जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचं. म्हणजे बैलाचा छळ होत नाही ना हे पाहायला कायद्यानेच घाटात कॅमेरा आणून बसवला. एक कॅमेरा आला, तर मग बाकीचे का मागे राहतील? १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम केला, तोवर यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणाऱ्यांचा स्वतंत्र धंदा उभा राहिला होता. निवेदकाचा आवाज, पडद्यावर धावणारे सेकंद, कोपऱ्यात पशुखाद्याची जाहिरात. यात्रा कमिटीचा खर्च जाहिरातदार वाटून घेतात. पडद्यावर नाव झालेल्या बैलाची किंमत लाखांत चढते. मुंबईत गोदीत नाही तर टेम्पोवर असलेला जुन्नरकर जेवणाच्या सुट्टीत गावची बारी पाहतो.

तमाशाचं तसं झालेलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग यांच्या नारायणगावात दर पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी ठरवायला येतात. वगाचे तुकडे यूट्यूबवर हवे तेवढे सापडतात, फडमालकाचा नंबर कुणाकडेही असतो. तरी पंच येतात, राहुटीत मांडी घालून बसतात, चहा होतो, घासाघीस होते, इसार दिला जातो. कोरोनाची दोन वर्षं राहुट्या उठल्या तेव्हा फोनवरून हा व्यवहार झाला नाही. फड बसून राहिले.

कोल्हे २०२४ ला १,४०,९५१ मतांनी जिंकले, पुन्हा आढळरावांविरुद्ध, पक्ष मात्र दोघांच्याही भोवती फिरून गेलेले. अजित पवारांच्या २ जुलै २०२३ च्या शपथविधीला कोल्हे राजभवनात दिसले होते आणि दुसऱ्या दिवशी आपण शरद पवारांबरोबर आहोत हे त्यांनी ट्विटरवर व्हिडिओ टाकून जाहीर केलं होतं. पत्रकार परिषद नाही, प्रसिद्धिपत्रक नाही. वार्ताहरांना बातमी मतदारांबरोबरच कळली. २०२४ च्याच विधानसभा निवडणुकीने वेगळा हिशेब दाखवला. आंबेगावात १९९० पासून आमदार असलेले दिलीप वळसे पाटील देवदत्त निकमांपेक्षा अवघी १,५२३ मतं जास्त घेऊन वाचले. निकमांच्याच नावाच्या एका अपक्षाला त्याहून जास्त मतं पडली होती. लाखो लोकांनी पाहिलेले रील एका बाजूला आणि मतदानयंत्रावरचं एक सारखं नाव दुसऱ्या बाजूला!

या सगळ्यात पाकीट देणाऱ्या वार्ताहराचं काय झालं? काही थांबले. बाकीच्यांनी स्वतःचं चॅनेल काढलं. माइकवर नाव, मागे नातेवाइकाचा पोरगा मोबाइल धरून उभा. मंचरच्या बाजार समितीपासून ओतूरच्या यात्रेपर्यंत तोच बातमीदार, तोच संपादक, तोच जाहिरात गोळा करणारा. पुण्याची कात्री गेली याचा त्याला आनंद आहे, आणि ती गेल्यामुळे काय काय सुटतं हे त्यालाही कळतं. गावच्या रस्त्यातला खड्डा दाखवला तर तो आठवड्यात बुजतो. जिल्हा आवृत्तीला हे क्वचित जमायचं. पण वाढदिवसाच्या शुभेच्छांवर चालणाऱ्या चॅनेलने, ज्याचा वाढदिवस त्याच्या साखर कारखान्याबद्दल काय विचारायचं? ही अडचण जुन्या पेपरांनाही होती. फक्त तिथे जाहिरात घेणारा आणि प्रश्न विचारणारा निदान वेगवेगळ्या खोलीत बसायचे.

कात्री नसण्याची किंमत महाराष्ट्राने १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मोजली. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेतून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

जुन्नर-आंबेगावात अफवेला चार पाय आहेत. धरणं झाली, ऊस आला, उसात बिबट्या राहिला, तिथेच व्यायला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवरच्या हल्ल्यांनी कहर केला तेव्हा पिंजऱ्यात धरलेले बिबटे दूर नेऊन सोडले जात. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने पुढे दाखवलं, की या सोडण्यानेच नव्या जागी हल्ले वाढतात. माणिकडोहचं निवारा केंद्र त्याच काळातलं. तेव्हा बिबट्या दिसल्याची वार्ता वाडीवरून वाडीवर तोंडी जायची, आणि ती सांगणारा कोण हे ऐकणाऱ्याला ठाऊक असायचं. घाबरट म्हातारा असेल तर निम्मी, रातपाळीचा पाणी धरणारा असेल तर पूर्ण.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जुन्नर वनविभागातल्या पिंपरखेड परिसरात, तालुका शिरूर, वीस-बावीस दिवसांत तीन माणसं गेली. त्यांत दोन लहान मुलं. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, पुणे-नाशिक महामार्ग तासन्‌तास रोखून धरला. ४ नोव्हेंबरच्या रात्री एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. आणि मग पडद्यावर बिबटे सुटले. पुण्यातल्या सोसायटीच्या आवारात बिबट्या, गच्चीवर बिबट्या, दुकानाच्या पायरीवर बिबट्या. खरे बिबटेही त्या काळात शहराच्या कडेला दिसले, म्हणूनच खोट्यांना खपायला वाव होता. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रं पसरवणाऱ्यांवर कारवाई करू, असं वनविभागाला सांगावं लागलं. प्रत्येक खोट्या बिबट्यामागे एक खरं पथक, खरी गाडी, खरं डिझेल खर्च होत होतं.

१० डिसेंबरला नागपूरच्या अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे अंगावर बिबट्याचा वेश घालून विधानभवनात आले. २०१४ ला मनसेचे राज्यातले एकमेव आमदार, २०२४ ला अपक्ष म्हणून निवडून आलेले. हसणारे हसले, पण संध्याकाळपर्यंत जुन्नरचा बिबट्या दिल्लीच्या वाहिन्यांवर होता. लक्षवेधी सूचना, तारांकित प्रश्न, निवेदनं ही आयुधं त्यांच्याकडेही होती. त्यांतल्या कुठल्याचीही इतकी चर्चा झाली नसती.

वनविभागाच्या पथकाचं काम मात्र फोन आल्यावर सुरू होतं. संध्याकाळी कुणीतरी व्हिडिओ पाठवतो: उसाच्या कडेने, चारीवरून, बिबट्या चाललाय. वनरक्षक गाडी काढून वस्तीवर जातो. पन्नास माणसं जमलेली, पन्नासांच्याही फोनवर तोच व्हिडिओ. तो पाहतो, फोन परत देतो आणि विचारतो, ‘‘तुमच्यातल्या कुणी डोळ्यांनी पाहिला?’’ गर्दी एकमेकांकडे बघते. मग तो बॅटरी घेऊन चारीच्या कडेने चालू लागतो. पाणी नुकतंच सुटून गेलेलं, माती ओली, ठसा असेल तर उमटलेला असणार. गाईचे खूर, कुत्र्याचे पंजे नखांसकट, टायरची नक्षी. वाफ्याच्या तोंडाशी तो थांबतो, खाली बसतो, खिशातून टेप काढून एका ठशावर आडवी धरतो. नखं उमटलेली नाहीत. मागच्या माणसांना तो हाताने दूर राहायला सांगतो आणि पिंजरा मागवायला फोन लावतो. रेंज नसते. बॅटरी दुसऱ्याच्या हातात देऊन तो बांधावर चढतो.